भाकरी खाल्ली, जेवला कुठे

तुम्ही माझ्या लेकराला उपाशी ठरवलंत, आणि ठरवताना त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलंसुद्धा नाहीत. टेबलाच्या पलीकडून तुम्ही एक शब्द टाकलात, अलीकडून एक शब्द आला, तो तुम्ही फायलीत उतरवलात आणि पेनाला टोपण लावलंत. मी तिथं नव्हते. मी नव्हते हेसुद्धा तुम्ही लिहून ठेवलंत. इंग्रजीत, तीन तुटक ओळी. मूल जेवत नाही. आई दिवसभर बाहेर. आईला समजावून सांगावे. मला इंग्रजी वाचता येतं, डॉक्टर. बारावीनंतर माझ्या गावाहून, पिशोरहून, पुढं शिकायला मला कुणी पाठवलं नाही, पण कंपनीतल्या मशिनींची जाडजूड पुस्तकं मी एकटीनं वाचून काढली, अडलेला शब्द फोनवर बघत बघत. तुमच्या तीन ओळींना मला फोन काढावा लागला नाही. आज शनिवार, मी सुट्टी टाकून आले आहे. समजावून सांगा.

माझा नंबर चौदा आहे आणि आत नऊ नंबर गेलाय. डाव्या हाताला माझ्या सासूबाई, कालिंदीबाई, मी त्यांना आई म्हणते, मांडीवर पर्स, पर्सवर फाईल, फायलीवर दोन्ही हात. माझ्या मांडीवर विश्वजीत, एकोणीस महिन्यांचा, माझ्या ओढणीचं टोक चघळत. नवरा बाहेर गाडीत, कारण गाडी लावायला जागा नाही आणि हिमांशूला अशा वेळी जागा नसलेलीच बरी असते. समोरच्या भिंतीवर तुम्ही एक ताट चिकटवलंय. गोल, चार रंगांचं. 'बाळाचा संतुलित आहार.' त्यात हिरव्या झाडासारखी ब्रोकोली आहे, चीजचा पिवळा चौकोन आहे, कापलेला गुलाबी मासा आहे, आणि एक पाव आहे. भाकरी नाही. गंमत म्हणजे भातही नाही. वर्षभर आमच्या घरात ज्या दोन गोष्टींवरून रान पेटलंय, त्यातली एकही तुमच्या ताटात नाही. मी आईंना कोपरानं खुणावलं आणि भिंतीकडं बघितलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "वरणभात नाही गं," त्या हळूच म्हणाल्या, देवघरातला देव जागेवर नसावा तशा.

वरणभात. मी त्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, भांडण जातीवरून होईल. ते कुणी केलं नाही. पडेगावचा फ्लॅट, शिकलेली माणसं, माझ्या सासऱ्यांची सगळी हयात कचेरीत गेलेली, मधुसूदनराव म्हणजे हलक्या आवाजाचा माणूस. लग्नात माझ्या बापाला, कारभारीला, त्यांनी स्वतः पुढं होऊन खुर्ची दिली. सासरे गेले, लेकरू आलं, आणि मग ताटात एकेक गोष्ट वर यायला लागली. नावाचंच बघा. विश्वजीत हे नाव दोन्ही घरांना पटलेलं एकुलतं एक, म्हणून ठेवलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्याकडं जि ऱ्हस्व आणि आमच्याकडं जी दीर्घ. सासूबाईंचं म्हणणं संस्कृतात ऱ्हस्वच. माझ्या बापाचं म्हणणं, "जीत म्हंजी जिकलं. त्यात काय कंजुषी करायची?" तुमच्या फायलीवर ऱ्हस्व आहे. लसीच्या कार्डावर दीर्घ आहे, कारण ते मी भरलं. लेकरू दोन्हीला वळून बघतं.

खाण्याला मात्र ऱ्हस्व-दीर्घावर सुटका नव्हती. आईंचा मऊ भात, त्यावर हिंग-हळदीचं साधं वरण, तूप, लिंबाचे दोन थेंब, चिमूटभर मीठ. त्यांच्या हातचा तो भात चांगला असतो, खोटं कशाला बोलू. मी बाळंतपणात तो खाऊन उठले. माझं म्हणणं एवढंच की धावायला लागलेल्या पोराला ज्वारीची भाकरी पाहिजे, मुगाच्या डाळीत चुरून, वरून शेंगदाण्याचं कूट, पालेभाजीची दोन पानं, आणि सकाळी एक अंडं. अंड्याला घरात जागा मिळाली, पण बाल्कनीत. वॉशिंग मशिनशेजारी एक इंडक्शनची शेगडी, एक वेगळं पातेलं, एक वेगळा चमचा. रोज सकाळी साडेसहाला मी तिथं उभ्यानं अंडं उकडते. आई तेवढ्या वेळात तुळशीला पाणी घालायचं पुढं ढकलतात, कारण तुळसही त्याच बाल्कनीत. आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही. एक दिवस शेगडी बिघडली तेव्हा त्यांनीच हिमांशूला सांगितलं, "तिची ती शेगडी दुरुस्त करून आण, बाळाचं राहील." बाळाचं म्हणजे काय राहील हे त्यांनी उच्चारलं नाही. हिमांशूची बाजू तिसरी. तो फोनवर बघतो. ओट्स, कुठल्याशा देशाच्या बिया, डब्यातली पावडर. त्याचं ऐकायचं ठरवलं असतं तर पोरगं आतापर्यंत पार्सलमधूनच वाढलं असतं.

माझी वेळ सकाळी आठ ते साडेपाच. चितेगावला रबराच्या सीलांची कंपनी आहे, मी तपासणीच्या टेबलावर. हातात माप तपासायचा गेज घेऊन बसायचं. सील त्यात बसलं तर पास, अडकलं तर बाजूला. धम्मपाल सर आमचे वरचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा कागद परत केला होता. मी शेऱ्यात लिहिलं होतं, माल खराब वाटतो. ते म्हणाले, "मोनिका, दिसलं ते लिही. वाटलं ते घरी जाऊन नवऱ्याला सांग." सगळे हसले, मीही. पण आठ वर्षं मी दिसलं तेच लिहीत आले. तर जायच्या आधी मी भाकरी डाळीत चुरून काला करते आणि डब्यात भरते. अकराला आई तो विश्वजीतला देतात. साडेबाराला त्या त्याला परत पाटावर बसवतात आणि वरणभात कालवतात. आता पुढचं तुम्ही ओळखायला हवं होतं, तुम्ही शिकलात तेवढी वर्षं. अकराला पाऊण भाकरी रिचवलेलं लेकरू साडेबाराला तोंड मिटून घेतं. मान वळवतं. वाटीला हात मारतं. आई बोटभर भात त्याच्या ओठांना लावतात, तो थुंकतो, त्या पदरानं पुसतात, आणि त्यांच्या मनात नोंद होते. आजही नाही जेवला.

ही नोंद घेऊन त्या अठराव्या महिन्याच्या लसीला तुमच्याकडं आल्या. बुधवार होता, मी कामावर. वजन तीन महिन्यांत दोनशे ग्रॅम वाढलेलं. तुम्ही विचारलंत, "जेवतो का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, मुळीच जेवत नाही." तुम्ही विचारलंत, "आई काय करते?" त्या म्हणाल्या, "नोकरी." दोन प्रश्न. हिमांशूनं मला जसंच्या तसं सांगितलं, तो तिथंच होता, फोन हातात घेऊन. दोन प्रश्नांवर तुम्ही भूक वाढवायचं औषध लिहिलंत, सकाळ-संध्याकाळ, गुलाबी रंगाचं, आणि माझ्यावर तीन ओळी.

संध्याकाळी मी त्या ओळी वाचल्या तेव्हा मला काय झालं ते सांगते, कारण त्याची मला शरम आहे आणि ती मी एकटीनं वाहणार नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. डबा तर रोज रिकामा दिसत होता. मूल जेवत नाही आणि डबा रिकामा, म्हणजे भाकरी जाते कुठं? उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. फेकतात. माझी भाकरी ही बाई फेकते आणि डबा घासून ठेवते. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आई खाली भाजी आणायला गेल्यावर मी स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. वांग्याची देठं, चहाचा चोथा, शेवग्याची चघळलेली साल, दुधाची पिशवी. भाकरीचा कण नाही. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, हुशार आहे, गच्चीवर पाखरांना टाकत असेल. म्हणून मी गच्चीवर पण गेले. जिथं टाकीचं पाणी झिरपतं तिथं वाकून बघितलं. पाखरांची विष्ठा आणि एक तुटकी क्लिप. खाली आले तेव्हा आई दारात मेथीची जुडी घेऊन उभ्या. "कपडे वाळले का बघायला गेलेलीस?" मी हो म्हणाले. कपडे तर बाल्कनीत वाळतात. त्यांनाही ते माहीत आहे. तुमच्या एका ओळीनं मी माझ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या मागं चोरासारखी फिरले. हे तुमच्या फायलीत कुठं लिहिता?

आणि औषध लागू पडलं. म्हणजे वेगळ्याच अर्थानं. चौथ्या दिवसापासून तो अकराला काल्याचा पहिला घास तोंडात धरून पेंगायला लागला. घास गालात तसाच. आई बोट घालून काढायच्या, गुदमरेल म्हणून. तीनला उठायचा, किरकिर करायचा, पाणी प्यायचा, परत मान टाकायचा. मी संध्याकाळी येऊन डबा उघडला की भाकरी जशीच्या तशी, वर डाळ सुकलेली. सकाळचं अंडं अर्धं. आई म्हणायच्या, "बघ, डॉक्टर म्हणाले तेच." हिमांशू म्हणायचा, "बघ." तुम्ही आधी एक खोटं वाक्य लिहिलंत आणि मग बाटलीतून ते खरं करून दाखवलंत. एवढा कामाचा माणूस आमच्या कंपनीत नाही.

रविवारी हिमांशूनं मला राजीनाम्याचा एक मेल दाखवला. माझ्या नावानं, कंपनीला. त्यानं सुंदर भाषेत लिहिला होता, कौटुंबिक कारणास्तव वगैरे. "फक्त पाठव दाबायचंय," तो म्हणाला, "वर्ष-दीड वर्षच. तो तीन वर्षांचा झाला की परत बघू." मी विचारलं, "तूच का नाही लिहीत तुझ्या कंपनीला?" तो हसला, मला वाटतं त्याला तो विनोद वाटला. मग म्हणाला, "हे मी नाही म्हणत, डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्यांनी ती ओळ मागं घेतली तर विषय संपला." तो पाठवायला एक तारखेची मुदत आहे. आज सव्वीस. आठ वर्षांची नोकरी, माझ्या नावावरचं बँकेचं पासबुक, सकाळी बसमध्ये खिडकीजवळ बसून कुणाचीही सून नसण्याची ती पंचेचाळीस मिनिटं, हे सगळं तुमच्या घाईच्या अक्षरावर टांगलंय. मी रागावले नाही त्याच्यावर. मला त्या क्षणी राग धरायलाही जागा नव्हती, कारण आत कुठंतरी मला वाटत होतं की तो बरोबर असेल. आठ ते साडेपाच माझं लेकरू काय खातं हे मला माहीत नाही. मला डबा माहीत आहे. रोज बसमधून मी पिशोरला फोन लावते, माझी माय चतुराबाई नातवाचं विचारते, "इशू जेवला का?" आणि मी म्हणते, "जेवला." न बघता. दिसलेलं लिहिणारी मी, मायला रोज वाटलेलं सांगते.

मंगळवारी बस लवकर आली. दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या, रत्नमालामावशींशी. स्पीकरवर, कारण हात पिठाचे. "छे गं, लस घ्यायला नेलं तेव्हापासून नाही, त्याच्या आधीपासून. महिना-दीड महिना झाला, बाळ जेवतच नाही." मावशी म्हणाल्या, "मग जगतो कशावर? हवेवर?" आई म्हणाल्या, "तसं नाही गं. भाकरी खायचा ना. पाऊण भाकरी. चाटूनपुसून. अंडं खातो सकाळी. पण जेवला कुठे?"

मी चप्पल एका पायात, एक हातात, अशी दारात उभी राहिले. मला आधी हसू आलं. अगदी पोटातून, आवाज न करता, भिंतीला धरून. पाऊण भाकरी, चाटूनपुसून. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. त्यांनी एक कणही फेकला नव्हता. त्यांच्या घरात साठ वर्षं जेवण म्हणजे पानात पहिला भात पडणं. त्याच्या आधीचं, नंतरचं, ते खाणं. पोहे खाणं, थालीपीठ खाणं, भाकरीसुद्धा खाणं. त्यांना विचारलं जेवतो का, त्यांनी खरं उत्तर दिलं. मी आत गेले आणि म्हणाले, "आई, भाकरी संपवायचा म्हणजे जेवायचाच ना तो." त्या माझ्याकडं वळल्या, हाताला पीठ, चेहरा निर्मळ. "अगं, भाकरीनं पोट भरतं. जेवण वेगळं." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही.

त्यांच्यावर हसून झालं आणि मला पिशोर आठवलं. दिवाळीत आठ दिवस गेलो होतो तेव्हा विश्वजीतला सर्दी झाली, मी तीन दिवस नुसता भात दिला. तिसऱ्या दिवशी माय चुलीपुढून उठली ती तणतणतच. "आगं, लेकराच्या पोटात तीन दिस अन्न नाय. कामून उपाशी मारायलीस?" मी म्हणाले, "माय, दोन वाट्या भात खाल्ला त्यानं आत्ता." ती म्हणाली, "भात काय जेवण असतंय व्हय? भात आजाऱ्याला. मुतलं की गेला." मला ते बरोबर वाटलं होतं. तेव्हा मी मायच्या बाजूनं होते, म्हणून ऐकूच आलं नाही. दोन आज्या, दोघींचा लेकरावर लई जीव, आणि दोघींच्या मापानं ते लेकरू उपाशी. पोटात भात गेला तरी, भाकरी गेली तरी. पोट मात्र त्याचं गोल, टणक, टिचकी मारली तर वाजेल असं.

त्याच संध्याकाळी मी गुलाबी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती अंड्याच्या शेगडीखाली ठेवली. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर रागावतील." मी म्हणाले, "रागावू देत." बुधवारी तो अर्धी भाकरी खाऊन झोपला. गुरुवारी पाऊण. काल आईंनी मला दुपारी कामावर फोन केला, असा त्या कधी करत नाहीत. मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "मोनिका, डबा संपला. आणि नंतर मी साडेबाराला... नाही बसवला त्याला." एवढंच. मी तपासणीच्या टेबलावर होते, एक सील हातात, ते पास की बाजूला हे मला पुढची दोन मिनिटं कळेना.

आत अकरा नंबर गेलाय. पलीकडच्या बाकावर काळ्या बुरख्यातली एक बाई तिच्या पोराला खारी भरवतेय. विश्वजीतनं ओढणी सोडली आणि हात लांब केला. तिनं विचारल्याशिवायच तुकडा दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. "खाता नै क्या ये?" तिनं मला विचारलं.

"खाता है."

"तो फिर कायकू लाए?"

"लिखा है ना कागज पे, खाता नै करके."

ती इतकी हसली की तिच्या पोराचा घास पडला. "मेरा तो मिट्टी बी खाता. उसका बी लिखते क्या?" सासूबाईंना हिंदी कळते पण हसू येऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी फायलीच्या कडेला चुरा पडला होता तो बोटानं गोळा केला. "बघ, खारी खातो आणि..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, मी बघितलं. त्यांनी तो गिळला.

निशा नावाची तुमची मुलगी दाराशी येऊन म्हणाली, "चौदा नंबर, विश्वजित." आम्ही आत आलो. तुम्ही मान खाली घालून फाईल उघडलीत आणि सासूबाईंना विचारलंत, "काय आजी, भूक लागायला लागली का राजाला?"

"औषध मंगळवारी बंद केलं," मी म्हणाले. "मी केलं."

तेव्हा तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडं, पहिल्यांदा. "कुणाला विचारून?"

"तो घास तोंडात घेऊन झोपायचा, म्हणून."

"अहो, पण जेवत नाही ही तक्रार तुमच्याच घरची होती ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलल्या. पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून, शाळेत उभं केल्यासारख्या. "माझी होती, डॉक्टर. मी जेवत नाही म्हणाले. म्हणजे भात खात नाही. तो भाकरी खातो. पाऊण. आणि..." इथं त्यांचा आवाज खाली गेला, "अंडं."

तुम्ही हसलात. खुर्चीत मागं रेललात आणि हसलात. "अहो आजी, मग तसं नीट सांगायचं ना. आम्हाला काय स्वप्न पडतं? तुमच्यामुळं बघा केवढा घोटाळा." आणि आई म्हणाल्या, "चुकलंच माझं."

अडीच आठवडे मी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. कचऱ्यात, गच्चीवर, मी तेच शोधत होते. आणि आता ते समोर आले तर मला ते नको झाले. त्या टेबलाशी उभी बाई माझ्या लेकराच्या गालातला घास बोटानं काढत होती दहा दिवस, ती चुकली म्हणते, आणि तुम्ही हसताय. तुम्ही पेन उचललंत. "बरं, ती ओळ खोडू या. झालं समाधान?" हिमांशूचा मेल, एक तारीख, सगळं त्या पेनाच्या टोकाला आलं. मी फायलीवर हात ठेवला.

"खोडू नका."

"म्हणजे?"

"नोकरी मी सोडत नाही. ती ओळ राहिली तरी नाही आणि गेली तरी नाही. ते मी बाहेर गाडीत जाऊन सांगते, ते आमच्या घरचं आहे. पण यांचं चुकलं नाही, डॉक्टर. यांनी यांच्या घरातला शब्द सांगितला. माझी माय आली असती तर तिनं तिच्या घरातला सांगितला असता, आणि तोही तुम्ही असाच लिहिला असता. दिवसाला साठ घरं तुमच्या पुढं येऊन बसतात. साठ घरांत जेवणाचे साठ अर्थ असतात, हे तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला असायचं?"

तुम्ही घड्याळाकडं बघितलंत. निशा दारात येऊन थांबली. आईंनी माझा दंड धरला, मला वाटलं मागं ओढायला. पण त्या ओढत नाहीयेत, नुसत्या धरून उभ्या आहेत. विश्वजीत तुमच्या टेबलावरचा शिक्का तोंडात घालायला बघतोय.

पंधरा नंबर थांबेल. मला एक सांगा. जेवत नाही म्हटल्यावर, मग दिवसभर खातो काय, हा पुढचा एक प्रश्न. चार शब्दांचा. तो तुम्ही का विचारला नाही? वेळ नव्हता म्हणून, की उत्तर तुमच्याकडं आधीच तयार होतं म्हणून? दहा दिवस माझं लेकरू झोपलं ते यातल्या कशापायी, ते सांगा. बसून सांगा, उभं राहून सांगा, मी ऐकतेय.